इंजिनात जाणारी हवा खरंच थंड होते का? प्लेट आणि इनटेक घेण्याआधी स्वतः मोजून बघा

मे महिन्यातली दुपार, खेड शिवापूरचा टोलनाका, लांबच लांब रांग. एसी चालू आणि गाडी पाच-पाच फुटांनी सरकतेय. मोबाईलच्या पडद्यावर एकच मोठा आकडा लावला होता, इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या तापमानाचा. शेजारी बसलेली मुलगी दर मिनिटाला तो वहीत उतरवत होती. रांगेत शिरताना ४६ अंश होते, पंधरा मिनिटांत ६८ झाले. नाका ओलांडून गाडी चौथ्या गिअरमध्ये पडली आणि शिरवळच्या दिशेने दोन-तीन किलोमीटर जाईपर्यंत आकडा परत ४८ वर आला. बाहेरची हवा या सगळ्या वेळात चाळिशीच्या आसपासच होती.

गाडीत मी काहीच बदललेलं नव्हतं. कंपनीचाच फिल्टर बॉक्स, कंपनीचंच मॅनिफोल्ड (हवा प्रत्येक सिलिंडरकडे वाटणाऱ्या नळ्यांचा भाग). तरी वीस अंश वर गेले आणि वीस अंश खाली आले. नेमक्या याच वीस अंशांच्या नावाने बाजारात ‘कूलिंग प्लेट’, ‘कोल्ड एअर इनटेक’ (बाहेरची हवा आणणारी नळी आणि फिल्टर), ‘थर्मल स्पेसर’ (जोडात घालायची उष्णतारोधक चकती) विकले जातात. यातलं काय कुठे लागू पडतं आणि आपल्या गाडीत त्याचा उपयोग आहे की नाही, हे पैसे देण्याआधी कसं तपासायचं, ते इथे सांगतो. उदाहरण १.२ लिटरच्या साध्या, बिनटर्बो पेट्रोल गाडीचं घेतलंय, कारण आपल्याकडे रस्त्यावर त्याच सर्वांत जास्त दिसतात. टर्बोवाल्यांचा हिशेब वेगळा आहे, तो पुढे येईल.

आधी थोडा हिशेब

हवा तापली की विरळ होते. ४० अंशांची हवा ५० अंशांवर गेली की तिची घनता सुमारे ३ टक्क्यांनी घटते. ताकद मात्र तेवढी घटत नाही. इंजिनाची ताकद मोजण्याच्या एसएई जे१३४९ या मानकात तापमानाची दुरुस्ती वर्गमुळाने करतात. त्या हिशेबाने १० अंशांचा फरक म्हणजे दीड टक्क्याच्या जरा वर. ९० पीएसच्या गाडीत जेमतेम दीड पीएस. ‘१० अंश कमी’ असं लिहिलेला खोका हातात आला की त्याचा अर्थ एवढाच घ्यायचा.

दुसरा हिशेब याहून महत्त्वाचा आहे. १.२ लिटरचं इंजिन आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) सेकंदाला साधारण २ ग्रॅम हवा ओढतं. तेवढी हवा १० अंशांनी तापवायला २० वॅट पुरतात, म्हणजे घरातल्या झिरोच्या बल्बपेक्षा थोडीच जास्त उष्णता. सपाट रस्त्यावर ८० च्या वेगाने जाताना हवा सेकंदाला १० ग्रॅमच्या घरात जाते, मग १०० वॅट लागतात. पूर्ण पाय दाबून ६००० आरपीएमला तीच हवा ५५ ग्रॅमपर्यंत पोचते आणि तेव्हा साडेपाचशे वॅट लागतात, म्हणजे चालू मिक्सरएवढी शक्ती.

मॅनिफोल्डची गरम भिंत हवेला देऊ शकते ती उष्णता मर्यादितच असते. उभ्या गाडीत ती थोड्याशा हवेला भरपूर तापवते, वेगात तीच उष्णता खूप हवेत वाटली जाते आणि जेमतेम जाणवते. टोलनाक्यावरचे वीस अंश कुठून आले आणि कुठे गेले, त्याचं उत्तर हे आहे. गोची अशी की हवा सर्वांत गरम असते तेव्हा आपल्याला ताकद नको असते, आणि ताकद हवी असते तेव्हा हवा आपोआप थंड झालेली असते. याला अपवाद सिग्नल सुटल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या मिनिटाचा, आणि घाटात ट्रकमागे रांगत असताना अचानक ओव्हरटेक करायच्या क्षणाचा. शहरातल्या माणसाला तिथे खरा फरक जाणवू शकतो, म्हणून मोजायचंही तिथेच.

मोजायचं सामान

गाडी २०१३ नंतरची असेल तर स्टिअरिंगखाली ओबीडीचं, म्हणजे इंजिनाच्या संगणकातले आकडे वाचायचं, सॉकेट असतंच. आपल्याकडे ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं. त्यात लावायला ईएलएम३२७ जातीचा ब्लूटूथ डोंगल आणि मोबाईलवर ‘टॉर्क’ किंवा ‘कार स्कॅनर’सारखं ॲप, एवढं पुरतं. ॲपमध्ये इनटेक एअर टेम्परेचर, कूलंटचं तापमान, वेग, आरपीएम, मॅनिफोल्ड प्रेशर आणि टायमिंग ॲडव्हान्स (ठिणगी किती आधी पडते) एवढ्याच गोष्टी निवडा. जास्त निवडल्या की स्वस्त डोंगल अडखळतो आणि आकडे उशिरा येतात. नोंद दर सेकंदाला फाईलमध्ये होऊ द्या. गाडी चालवताना पडद्याकडे बघायचं नाही. शेजारी कोणी असेल तर त्याला वही द्या, नसेल तर घरी येऊन फाईल उघडा.

बाहेरच्या हवेचं तापमान दाखवणारा सेन्सर बहुधा बंपरच्या मागे असतो आणि उभ्या गाडीत तोही तापतो. त्यावर विसंबू नका. साधा थर्मामीटर सावलीत धरून, मोजायच्या आधी आणि नंतर, आकडा लिहून घ्या. नंतरच्या सगळ्या तुलनेत हवेचं तापमान नुसतं लिहायचं नाही, बाहेरच्यापेक्षा किती जास्त ते लिहायचं. सकाळची ३५ आणि दुपारची ५० यांची तुलना निरर्थक आहे, ‘बाहेरच्यापेक्षा ९ जास्त’ आणि ‘बाहेरच्यापेक्षा १० जास्त’ यांची होऊ शकते.

जुन्या गाडीसाठी दोन वायरींचा के-टाईप थर्मोकपल मीटर घ्या. एक टोक फिल्टर बॉक्सच्या तोंडाशी बाहेरून लावा, दुसरं मॅनिफोल्डच्या धातूवर. हवेच्या वाटेत आत मात्र काही सोडू नका. तार तुटली तर सरळ व्हॉल्व्हवर जाईल.

सेन्सरची परीक्षा

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू न करता नुसती चावी फिरवा. इनटेकचं तापमान, कूलंटचं तापमान आणि थर्मामीटर, तिघांत दोन-तीन अंशांपेक्षा जास्त फरक नसावा. असेल तर आधी सेन्सर बघा.

सेन्सर कुठे बसवलाय तेही शोधून ठेवा. काही गाड्यांत तो फिल्टरनंतरच्या नळीत, हवा मोजणाऱ्या सेन्सरच्याच पोटात असतो. काहींत मॅनिफोल्डवर, प्रेशर सेन्सरबरोबर एकाच तुकड्यात. मॅनिफोल्डवरचा सेन्सर हवेबरोबर स्वतःच्या बुडाची उष्णताही दाखवतो. गरम गाडी दहा मिनिटं बंद ठेवून पुन्हा सुरू केली की तो सत्तर-पंच्याहत्तर दाखवेल आणि मिनिटा-दोन मिनिटांत झरझर उतरेल. त्या मिनिटातला आकडा कुठल्याही तुलनेत धरू नका. उलट, नळीतल्या सेन्सरला मॅनिफोल्डखालची प्लेट दिसतच नाही, कारण प्लेट त्याच्या पुढे आहे. अशा गाडीत ‘प्लेट लावली आणि आकडा उतरला’ असं कोणी म्हणालं, तर तो आकडा दुसऱ्याच कशाने उतरलेला असतो.

पायाभूत नोंद

काहीही बदलण्याआधी त्याच रस्त्यावर, दिवसाच्या त्याच वेळी, निदान तीन फेऱ्या करा. फेरीत तीन गोष्टी असाव्यात.

पहिली, इंजिन पूर्ण गरम झाल्यावर एसी चालू ठेवून वीस मिनिटं उभी गाडी किंवा रांगती गाडी. एसी महत्त्वाचा, कारण एसीच्या पुढच्या जाळीतून (कंडेन्सरमधून) निघालेली गरम हवाच रेडिएटरमधून बॉनेटखाली येते. दुसरी, तिथून निघाल्यावर तापमान बाहेरच्यापेक्षा १० अंश जास्त एवढ्यावर उतरायला किती सेकंद लागले. तिसरी, एकसारख्या ८० च्या वेगाने दहा मिनिटं. जमलं तर चौथी म्हणून घाट घ्या. मी साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा चढ घेतो, तिसऱ्या गिअरमध्ये.

घाटाबद्दल एक सावधगिरी. पायथ्याचे आणि माथ्याचे आकडे ताकदीसाठी एकमेकांशी ताडू नका. महाबळेश्वरला हवा गार, म्हणून गाडी तिथे जास्त पळेल असं अनेकांना वाटतं. पण ते साडेतेराशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि पुण्याच्या तुलनेत तिथे हवेचा दाब ९ टक्क्यांच्या घरात कमी पडतो. दहा अंशांच्या गारव्याने घनता फार तर ३ टक्के परत मिळते. चढून गेल्यावर गाडी जड वाटते ती त्यामुळे.

तिन्ही फेऱ्यांच्या आकड्यांत आपापसातच चार अंशांचा फरक येत असेल, तर नंतर प्लेटमुळे आलेल्या तीन अंशांना काही अर्थ राहत नाही. हे आधी मान्य करून पुढे जायचं.

फुकटातल्या गोष्टी आधी

बॉनेट उघडा आणि फिल्टर बॉक्सपासून पुढे जाणारी नळी कुठे उघडते ते बघा. बहुतेक गाड्यांत तिचं तोंड रेडिएटरच्या वर किंवा हेडलाईटजवळ, समोरून वारा येईल असं ठेवलेलं असतं. म्हणजे कंपनीने दिलेला इनटेक मुळातच ‘कोल्ड एअर’ आहे. पण बंपर कधी ठोकला गेला असेल, तर ते तोंड किंवा त्याचा जोड तुटलेला असतो आणि डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्याने तो परत बसवलेला नसतो. माझ्या स्वतःच्या गाडीत हेच निघालं. बंपर बदलून आणला तेव्हा पुढचा प्लास्टिकचा तुकडा गायब होता आणि बॉक्स रेडिएटरमागची गरम हवा ओढत होता. हायवेवर आकडा बाहेरच्यापेक्षा सतत १५-१६ अंश जास्त. काही शे रुपयांचा तुकडा मागवून बसवला आणि तो ७-८ वर आला. त्यानंतर मी जे जे विकत घेऊन लावलं, त्यातल्या कशानेही हायवेवर एवढा फरक पाडला नाही.

तसंच रेडिएटरच्या कडेच्या फोमच्या पट्ट्या, इंजिनाखालचं कव्हर आणि बॉनेटखालची चादर जागेवर आहे ना ते पाहा. पट्ट्या गेल्या की उभ्या गाडीत रेडिएटरमागची गरम हवा वळसा घालून परत पुढे येते.

मग इनटेक

उघडा कोन फिल्टर बॉनेटखाली लावला की आवाज भारी येतो, आणि तो आवाज ऐकून गाडी पळतेय असं खरोखर वाटतं. तापमानाच्या बाजूने मात्र तो बंद बॉक्सपेक्षा बहुधा वाईट ठरतो, कारण तो इंजिनाशेजारची हवा पितो. भोवती आडोसा असेल आणि तो आडोसा बॉनेटला रबराने टेकत असेल, तरच बरोबरी होते. अॅल्युमिनियमचा चकचकीत पाईप उभ्या गाडीत प्लास्टिकच्या नळीपेक्षा लवकर तापतो. वेगात मात्र हवा त्यातून सेकंदाच्या छोट्याशा अंशात निघून जाते, म्हणून तिथे फरक नगण्य.

फिल्टर हवा अडवतोय का, ही वेगळी तक्रार आहे आणि तीही फुकटात तपासता येते. इंजिन बंद, चावी चालू, तेव्हाचा मॅनिफोल्ड प्रेशर म्हणजे बाहेरचा दाब. पुण्यात तो ९५ किलोपास्कलच्या आसपास येईल. मग मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पाय दाबून ५००० आरपीएमला तोच आकडा नोंदवा. दोन-तीन किलोपास्कलच कमी असेल, तर कंपनीच्या फिल्टरमध्ये अडलेलं असं काही नाहीच. सहा-सात कमी असेल तर आधी नवा कागदी फिल्टर टाका आणि पुन्हा मोजा.

तेल लावलेला कापडी फिल्टर घेणार असाल तर तेल जपून. जास्तीचं तेल उडून हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसतं आणि मापच चुकतं. आणि पाईप खाली, मडगार्डच्या पोकळीत नेणारा इनटेक महाराष्ट्रात लावूच नका, हे मी कळकळीने सांगतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा अडकलेल्या गाड्यांचं काय झालं ते मुंबईकरांना सांगायला नको. इंजिनाने पाणी ओढलं की ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपनीने हवेचं तोंड उंच ठेवलेलं असतं ते यासाठीच.

आता प्लेट

‘कूलिंग प्लेट’ या नावाखाली तीन वेगवेगळ्या वस्तू विकतात, त्या आधी वेगळ्या करा.

थ्रॉटल बॉडीखाली (पायाने उघडणाऱ्या हवेच्या झडपेखाली) बसणारी, आतून आटे पाडलेली अॅल्युमिनियमची चकती. तिचा तापमानाशी काही संबंध नाही. अॅल्युमिनियम उष्णता अडवत नाही, पुढे नेतो. ही घेऊ नका.

दुसरी, इंजिनाचं हेड (वरचा भाग) आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये बसणारी उष्णतारोधक प्लेट किंवा जाड गॅस्केट. होंडाच्या के-सिरीज इंजिनांसाठी होंडाटा कंपनी असं गॅस्केट विकते. प्लेटचं मटेरियल बहुधा फेनॉलिक, आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात ज्याला हायलम म्हणतात त्याच जातीचं. अॅल्युमिनियमच्या तुलनेत ते शेकडो पटींनी कमी उष्णता पुढे जाऊ देतं. कल्पना पक्की आहे, पण अट अशी की मॅनिफोल्ड धातूचं हवं. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांचं मॅनिफोल्ड काळ्या नायलॉनचं असतं. त्यावर मोल्डिंगची शिवण दिसते आणि कुठेतरी ‘पीए६’ किंवा ‘पीए६६’ अशी खूण असते. हे प्लास्टिक स्वतःच उष्णतारोधक आहे. त्याखाली आणखी प्लेट लावणं म्हणजे स्वेटरखाली स्वेटर. तुमचं मॅनिफोल्ड नायलॉनचं असेल, तर प्लेटचा विषय इथेच संपला.

धातूच्या मॅनिफोल्डचा अनुभव मला मामेभावाच्या जुन्या होंडा सिटीवर मिळाला. हायलमची ५ मिलिमीटरची प्लेट कापून घेतली आणि दिवसभर खपून बसवली. वीस मिनिटं गाडी आयडलला ठेवल्यावर तो म्हणाला, “दादा, हात लावून बघ.” आधी मॅनिफोल्डच्या ज्या नळीवर (रनरवर) बोट टेकवत नव्हतं, तिथे आता तळहात तीन-चार सेकंद ठेवता येत होता. थर्मोकपलवर धातूचं तापमान १७ अंशांनी कमी. प्लेट आपलं काम करत होती, यात शंका नाही. पण त्याच दिवशी हायवेवर, चालत्या गाडीत, तिसऱ्या गिअरमध्ये ठरावीक दोन खुणांमधला वेळ आम्ही सहा वेळा घेतला आणि तो आदल्या आठवड्यातल्या सहा वेळांमध्येच मिसळून गेला. सिग्नलवरून निघताना गाडी थोडी मोकळी वाटायची, एवढं तो अजूनही सांगतो, आणि मला ते पटतं.

बसवताना आमचं चुकलं तेही सांगतो, म्हणजे तुमचं टळेल. प्लेटची जाडी वाढली की स्टड तेवढेच लांब लागतात. आम्ही जुनेच वापरले, दोन नटांना पुरेसे आटे मिळाले नाहीत आणि एका कोपऱ्यातून हवा शिरू लागली. आयडल ११०० वर गेलं, कान दिला तर बारीक सूं असा आवाज. साबणाचं पाणी जोडावर शिंपडल्यावर जागा सापडली, कारण पाणी तिथे आत ओढलं जात होतं आणि आयडल हलत होतं. पुन्हा सगळं खोललं. नवे स्टड, दोन्ही बाजूंना नवी गॅस्केट, टॉर्क रेंचने मधून बाहेर अशा क्रमाने आवळणं, आणि तीन-चार वेळा गरम-गार झाल्यावर थंड इंजिनावर पुन्हा एकदा आवळणं. नव्या गाडीत अशी गळती फ्युएल ट्रिममध्ये (संगणक पेट्रोल किती कमी-जास्त करतोय त्या आकड्यात) दिसते. आयडलला तो बराच अधिककडे गेला आणि आरपीएम वाढवल्यावर खाली आला, तर जोड तपासा. मॅनिफोल्डचा आधाराचा ब्रॅकेट आणि होज प्लेटच्या जाडीने सरकतात, तेही आधी बघून घ्या.

तिसरी वस्तू म्हणजे पाणी किंवा एसीचा गॅस फिरवून हवा गार करणारी यंत्रणा. बाहेरच्या तापमानापेक्षा खाली हवा नेता येते ती फक्त गॅसने. २०१८ च्या डॉज चॅलेंजर एसआरटी डेमनमध्ये कंपनीनेच एसीचा गारवा सुपरचार्जरच्या इंटरकूलरच्या (दाबून तापलेली हवा गार करणाऱ्या भागाच्या) पाण्याकडे वळवला होता. पण ती ड्रॅग रेससाठी बनलेली गाडी. आपल्या बिनटर्बो गाडीत एसीचा कॉम्प्रेसर जेवढी ताकद खाईल, तेवढी गार हवेने परत मिळणार नाही.

टर्बो असेल तर

समजा ४० अंशांची हवा टर्बोने १.८ पट दाबली आणि टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती बाहेर पडताना १२० अंशांच्या वर असते. इंटरकूलरने त्यातली तीन चतुर्थांश वाढ काढली तर ती साठीवर येते. आता इनटेकमध्ये ४० ऐवजी ५० अंशांची हवा शिरली असती, तर शेवटी साठीऐवजी तीन-साडेतीन अंशच जास्त मिळाले असते, कारण बाकीचं इंटरकूलर खाऊन टाकतो. म्हणून टर्बो गाडीत पैसे घालायचेच असतील तर ते इंटरकूलरकडे जावेत आणि त्याआधी त्याच्या जाळीतला चिखल-किडे साफ व्हावेत. फोक्सवॅगन-स्कोडाच्या ईए२११ घराण्यातल्या अनेक टीएसआय इंजिनांत इंटरकूलर पाण्याचा आहे आणि मॅनिफोल्डमध्येच बसवलाय. तिथे मॅनिफोल्डखाली प्लेट घालायच्या भानगडीत पडू नका, त्या पाण्याचा छोटा रेडिएटर आणि पंप नीट चालतोय ना ते बघा.

लावल्यावर काय वाचायचं

एका वेळी एकच वस्तू बदला, पुन्हा तीन फेऱ्या करा, मग ती वस्तू काढून आणखी एक फेरी करा. ही शेवटची फेरी बहुतेक जण टाळतात. पण मधल्या आठवड्यात वळवाचा पाऊस पडून हवा बदललेली असू शकते, आणि ते फक्त याच फेरीत उघड होतं.

तापमानाच्या बरोबरीने टायमिंग ॲडव्हान्स बघा. हवा गरम असली की इंजिन ठोकू नये (पेट्रोल आपोआप पेटून टकटक होऊ नये) म्हणून संगणक ठिणगी उशिरा देतो, आणि खरी सुस्ती तिथून येते. त्याच गिअरमध्ये, त्याच आरपीएमला, पूर्ण पाय दाबलेला असताना टायमिंग दोन-तीन अंशांनी पुढे आलं असेल, तर बदल कामाचा. तापमान उतरलं पण टायमिंग हललं नाही, तर हाती फार तर घनतेचा तो दीड टक्का लागतो.

सेन्सरची जागा बदलून किंवा त्याच्या वायरीत रेझिस्टर लावून आकडा उतरवणारे ‘चिप’ही ऑनलाईन मिळतात. त्याने हवा गार होत नाही, संगणकाला खोटं सांगितलं जातं. तो जास्त पेट्रोल सोडतो किंवा नको तेवढी ठिणगी पुढे आणतो, आणि उन्हाळ्यात इंजिन ठोकू लागतं.

मायलेजसाठी कोणी थंड हवेच्या मागे असेल, तर त्याने ही खरेदी करू नये. सावकाश चालताना हवा थोडी गरम असली तर थ्रॉटल जरा जास्त उघडावं लागतं आणि हवा ओढण्यात इंजिनाची कमी शक्ती खर्च होते. गार हवेने एव्हरेज वाढत नाही.

वॉरंटीतल्या गाडीवर हात टाकण्याआधी सर्व्हिस सेंटरकडून लेखी विचारून घ्या. कंपनीचा मूळ बॉक्स, त्याच्या क्लिप आणि पुढची नळी एका पिशवीत घालून माळ्यावर जपून ठेवा, आणि जूनच्या पहिल्या पावसाआधी ते सगळं परत गाडीत बसवा.